कोबीवरचा आळ

(गडहिंग्लज येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





गेली काही वर्षं माझ्या तपासणीच्या टेबलावर थायरॉईडच्या रुग्णांकडून एक कागद पुन्हा पुन्हा येतो. कधी ते मुलाच्या वहीचं पान असतं, कधी दिनदर्शिकेची मागची बाजू. अक्षर वेगळं, मजकूर मात्र तोच. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद. शेंगदाणे, सोयाबीन, नाचणी, बाजरी, रताळं, साबुदाणा बंद. एखादीच्या कागदावर दूध आणि गहूसुद्धा. कुणीतरी मोबाईलवर पाठवलेलं, कुणाच्या तरी जावेनं सांगितलेलं.

नेसरीकडच्या एक आक्का असाच कागद घेऊन आल्या होत्या. आठ महिने त्यांनी भाजीत शेंगदाण्याचं कूट घातलं नव्हतं. घरात सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि स्वतःला वेगळी, असं चाललं होतं. चेहरा सुजलेला, आवाज जड, केस गळत होते आणि रक्ताच्या तपासणीत थायरॉईड कमी पडल्याचं दाखवणारा टीएसएच अजून वरच. मला म्हणाल्या, "डॉक्टर, आता मी खाऊ तरी काय?" मी विचारलं, थायरॉईडची गोळी कशी घेता? त्या म्हणाल्या, "सकाळी चहासंगट. रिकाम्या पोटी घ्या म्हणून सांगितलंय न्हवं, म्हणून चहाबिगार काय खात न्हाई."

चहा म्हणजे खाणं नव्हे, हे आपल्या भागात इतकं पक्कं आहे की त्या बाईंच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. उपवासाला चहा चालतो, मग रिकाम्या पोटाला का चालू नये? आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका प्रसंगात आहे. आपण ताटावर कडक पहारा बसवला आणि कपाकडे कुणी पाहिलंच नाही.

हे बोलताना मला एक कबुली द्यायची आहे. अशा छापील याद्या मीही पूर्वी वाटलेल्या आहेत. कागद हातात दिला की रुग्णाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं आणि डॉक्टरचा वेळ वाचतो. त्या कागदापायी किती बायकांच्या ताटातून काय काय गेलं, याचा विचार मी फार उशिरा केला. म्हणून आज हा विषय घेतला.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या जरा खाली, फुलपाखरासारखी एक छोटी ग्रंथी असते. पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, आपण थायरॉईड म्हणतो. रक्तातलं आयोडीन ओढून घ्यायचं आणि त्यापासून थायरॉक्सिन नावाचा स्राव तयार करायचा, हे तिचं काम. शरीराची चूल किती पेटती ठेवायची ते हा स्राव ठरवतो. कमी पडला तर थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, पाळीच्या तक्रारी, थोडी वजनवाढ. जास्त झाला तर धडधड, घाम, हातांना कंप आणि खाऊनही वजन उतरणं. कमी पडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांमध्ये एक पाहणी झाली, ती 2013 साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या 5,360 प्रौढांपैकी जवळजवळ 11 टक्के लोकांत हा स्राव कमी पडण्याचा विकार आढळला. तेव्हा या सभागृहातही प्रत्येक रांगेत एखादी तरी व्यक्ती अशी असेल, असं समजून मी बोलते आहे.

खाण्याचा आणि या ग्रंथीचा संबंध आपल्याला पहिल्यांदा कळला तो आयोडीनमुळे. डोंगराळ आणि भरपूर पावसाच्या मुलखात मातीतलं आयोडीन पाण्याबरोबर वाहून जातं. मग ते पिकात येत नाही, जनावरात येत नाही, माणसातही येत नाही. ग्रंथी आयोडीन शोधत शोधत फुगते आणि गलगंड होतो. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा यासाठी प्रसिद्ध होता, आणि आपल्या महाराष्ट्रात जुन्या औरंगाबाद जिल्ह्याचं नाव वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत यायचं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं, आणि काही वर्षांत मुलांमधला गलगंड झपाट्यानं उतरला. त्यावरून 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज तुमच्या घरातल्या मिठाच्या पुडीवर "आयोडीनयुक्त" असं छापलेलं असतं, ते या कामाचं फळ आहे. मध्यंतरी, 2000 साली, बिनआयोडीनच्या मिठावरची केंद्राची बंदी उठवली गेली होती. ती 2006 साली पुन्हा लागू झाली, हे फार बरं झालं.

आपल्या भागासाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. घाटाखाली शिरोड्याला मिठागरं आहेत. 1930 चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला तेच शिरोडा. समुद्राचं खडं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार होताना त्यात आयोडीन जवळजवळ उरत नाही. लोणच्याला खडं मीठ वापरा, काही बिघडत नाही. पण रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच हवं, आणि ते झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून लांब. सैंधव आणि गुलाबी मिठाचंही तेच. हल्ली आरोग्याच्या नावाखाली अनेक घरांनी रोजचं मीठ बदलून ते आणलं आहे, आणि गरोदर सुनाही तेच खात आहेत. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते. साध्या प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदर बाईला 250 लागतं. म्हणून कृपा करून हा बदल उलटा करा.

मात्र याचा अर्थ मीठ वाढवा असा नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढीच मिठाची मर्यादा सगळ्यांना आहे, आणि आपल्या ठेच्यात, कांदा-लसूण चटणीत, पापडात ती सहज ओलांडली जाते. शिवाय आज मीठ आयोडीनयुक्त असताना ज्यांना हा विकार होतो, त्यांतल्या बहुतेकांचं कारण वेगळं असतं. शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 साली तो प्रकार पहिल्यांदा नोंदवला. तो जास्त आयोडीननं बरा होत नाही, उलट बिघडू शकतो. समुद्री शेवाळाच्या गोळ्या "थायरॉईड सपोर्ट" म्हणून विकल्या जातात. बंदच करायची एखादी वस्तू मला विचाराल, तर मी पहिलं नाव याचं घेईन.

आता कोबी. त्याच्यावर हा आळ आला कुठून?

1928 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत अॅलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर वेगळ्याच रोगाचा अभ्यास करत होते. सशांना खायला मुख्यतः कोबीच दिला जायचा. काही महिन्यांनी दिसलं की सशांचे गळे सुजले आहेत. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी या एका कुळातल्या झाडांत अशी द्रव्यं असतात की ती ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ससे दिवसरात्र कच्चा कोबी खात होते. माणसाचं उदाहरण हवं असेल तर 2010 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेलं आहे. 88 वर्षांच्या एका बाईंनी मधुमेहासाठी म्हणून कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चा चिनी कोबी खाल्ला, आणि त्या थायरॉईडच्या अभावानं बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आल्या. रोज दीड किलो, आणि तोही कच्चा! आपल्या घरी चण्याची डाळ घालून केलेली कोबीची भाजी माणशी वाटीभर होते. शिजवल्यानं त्यातला बराचसा दोष जातो. कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीचा किंवा हिरव्या रसाचा रोजचा नेम असेल तर तो मात्र सोडा.

यापेक्षाही एक मोठं कारण आहे, आणि ते कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. ही सगळी द्रव्यं ग्रंथी स्राव *तयार करते* त्या कामात आडवी येतात. समजा, गुऱ्हाळाचा चरक अडकला तर रस निघणार नाही आणि गूळ होणार नाही. पण तुम्ही गूळ बाजारातून विकतच आणत असाल, तर चरक अडकल्यानं तुमचं काय अडतं? जी बाई थायरॉक्सिनची पूर्ण मात्रेची गोळी घेते तिला तयार स्राव बाहेरून मिळतो. तिच्या ग्रंथीच्या कामात कोबीनं खो घालायला मुळात तिथे काम फारसं उरलेलंच नसतं. मग गोळी चालू असलेल्या बाईला कोबीची भीती दाखवून आपण काय साधतो?

शेंगदाण्याचं दुःख मला जास्त आहे, कारण गडहिंग्लजची शेंग हे या बाजारपेठेचं एके काळचं भूषण. व्ही. श्रीनिवासन, एन. आर. मुदगल आणि पी. एस. शर्मा या भारतीय संशोधकांनी 1957 साली शेंगदाण्याचे उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दाण्याच्या वरच्या तांबड्या सालीत ग्रंथीला अडवणारं द्रव्य असतं, असं त्या कामातून पुढे आलं. म्हणून यादीत शेंगदाणे आले. पण ते आयोडीन तोकडं असलेल्या उंदरांचं खाणं होतं. आपण दाणे भाजतो, पाखडून साल उडवतो, मग कूट करतो. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात पोह्यांवरच्या आणि चटणीतल्या दाण्यांनी कुणाची थायरॉईड बिघडली, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. गरीब घरात दूध-अंडी रोज नसतात, तेव्हा प्रथिनं आणि स्निग्धता देणारी हीच एक वस्तू असते. ती काढून घेण्याआधी शंभर वेळा विचार करायला हवा.

बाजरीचं प्रकरण जरा गंभीर आहे. सुदानमधल्या दारफूर भागात लोकांच्या जेवणात बाजरीच बाजरी, आणि गलगंडही भरपूर. तिथल्या बाजरीतल्या काही द्रव्यांवर 1989 साली सविस्तर काम झालं, आणि कोबीसारखा हा दोष शिजवून जात नाही असं दिसलं. तिथे आयोडीनही कमी होतं. तेव्हा सकाळ-संध्याकाळ, बारा महिने फक्त बाजरी असं करू नये. संक्रांतीची बाजरीची भाकरी किंवा थंडीतली आठवड्याची दोन-तीन जेवणं यांना काही हरकत नाही. नाचणीवर मात्र बाजरीचा आळ उगाच आला. आजरा-चंदगडच्या माणसाची नाचणी सोडवणं मला पाप वाटतं. तिच्याबद्दल सांगायचं ते वेगळं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि ताकातली आंबील घेतली तर त्यात ताकाची भर पडते. म्हणून गोळी गिळल्या गिळल्या आंबील नको. तासाभरानं प्या, खुशाल प्या.

एक गंमत बघा, उपवासाच्या ताटात आरोप असलेल्या बऱ्याच वस्तू एकत्र येतात. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदापासून होतो, आणि काँगोमध्ये नीट प्रक्रिया न केलेल्या कसाव्यामुळे गलगंड वाढतो हे सिद्ध झालेलं आहे. रताळ्याचं नाव यादीत येतं. दाण्याचं कूट आहेच. आणि मीठ सैंधव, म्हणजे बिनआयोडीनचं. वाचून वाटेल की एकादशी म्हणजे थायरॉईडवर संकटच. तसं काही नाही. कारखान्यात धुऊन, वाळवून, भाजून तयार झालेल्या साबुदाण्यात ते द्रव्य फारसं राहत नाही, आणि निरोगी ग्रंथीत दोन-तीन महिने पुरेल एवढा साठा असतो. दिवसभराच्या उपवासानं तो हलत नाही. उपवासाच्या दिवशी खरं नुकसान होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. "डॉक्टर, उपासाला गोळी चालती काय?" हा प्रश्न मला दर श्रावणात येतो, आणि जी विचारत नाही ती नवरात्रात नऊ दिवस गोळी घेतच नाही. गोळी हे अन्न नाही. ती चालते, ती घ्यायचीच आहे. रमजानच्या रोज्यांत माझ्या मुस्लिम भगिनींनी ती सहरीच्या आधी अर्धा तास घ्यावी, किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना.

आता मी कपाकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे.

थायरॉक्सिनची गोळी फार नाजूक. ती आतड्यात नीट शोषली जायला पोट रिकामं लागतं, आणि रिकामं म्हणजे फक्त पाणी. 2008 साली इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की गोळीसोबत कॉफी घेतली तर तिचं शोषण घटतं. दुधावरचा एक छोटा अभ्यास 2018 साली झाला, त्यातही शोषण कमी झालं. आपला चहा म्हणजे म्हशीचं दाट दूध, साखर आणि उकळलेली पूड. तो रोज गोळीबरोबर गेला तर कुठल्या दिवशी किती औषध अंगी लागलं याचा हिशेबच राहत नाही. मग टीएसएच वर जातो, डॉक्टर गोळी वाढवतात, पुन्हा वर जातो, पुन्हा वाढवतात. एका साध्या प्रश्नाअभावी पन्नासाची गोळी दीडशेवर गेलेली मी पाहिली आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला "नाश्त्याआधी एक तास" हे सांगून उपयोग नसतो. तिच्या सकाळीत नाश्ता नावाचा भागच नसतो. मी तिला असं सांगते : धार काढायला उठतेस, तेव्हा गोठ्यात जायच्या आधी तांब्याभर पाण्यानं गोळी घे. डेअरीला दूध घालून परत आलीस की चहा टाक. अर्धा-पाऊण तास तिथेच निघून गेलेला असतो. त्या नेसरीच्या आक्कांना मी एवढंच सांगितलं आणि यादी फाडून टाकायला लावली. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, टीएसएच मर्यादेत आला होता. गोळी तीच, मात्रा तीच. पण एक सावधगिरी : वेळ सुधारली की औषध जास्त लागू पडतं, म्हणून पूर्वी वाढवलेली मात्रा अंगावर येऊ शकते. धडधड सुरू झाली, झोप उडाली तर वाट न बघता लगेच दाखवा. नाही तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून मात्रा ठरवून घ्या.

चहाच्या जोडीला दोन गोळ्या आहेत, आणि त्या चहापेक्षा जास्त घातक आहेत. आशाताई देतात त्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या, आणि कॅल्शियमच्या गोळ्या. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. थायरॉईडचा विकार असलेल्या गरोदर बाईला या तिन्ही गोळ्या लागतात, आणि तिला थायरॉक्सिनची मात्राही बहुधा वाढवून लागते. ती बिचारी लक्षात राहावं म्हणून तिन्ही एकदम सकाळी गिळते. यांत चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची पहाटे, लोहाची दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियमची रात्री. लोहाची गोळी बंद करू नका. रक्त कमी असेल तर थायरॉईडचं कामही मंदावतं. पित्तावरच्या गोळ्या आणि पांढरं पातळ औषध यांचंही तसंच. ते घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

सोयाबीनचं थोडक्यात सांगते, कारण आता आपल्या तालुक्यात शेंगेची जागा त्यानंच घेतली आहे. सोयाबीनच्या वड्या, पीठ, दूध यांमुळे गोळीचं शोषण कमी होतं. आठवड्यातून एखादवेळी दुपारच्या जेवणात वड्यांची भाजी चालेल. प्रथिनांच्या डब्यातली सोया पावडर सकाळी दुधातून घेणं टाळा. गव्हाबद्दल म्हणाल तर सिलियाक नावाचा विकार तपासणीत निघाला तरच तो सोडायचा असतो.

मग खरंच कमी करायचं ते काय? ज्यांचा स्राव कमी आहे त्यांचं कोलेस्टेरॉल वाढतं आणि हालचाल मंदावते. म्हणून तळलेलं, बेकरीतली खारी आणि बटर, फरसाण, दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा, हे कमी करा. थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंचंच असतं. बाकीचं वजन थायरॉईडच्या नावावर टाकू नका. ज्यांचा स्राव जास्त आहे, त्यांनी कडक चहा-कॉफी कमी करावी, कारण धडधड वाढते. तंबाखू आणि बिडी-सिगारेट तर सोडावीच, कारण या विकारात डोळे पुढे येतात ते धूम्रपानानं जास्त बिघडतात. आणि मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी, जिथे 1963 पासून अणुवैद्यकाचं काम चालतं, किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराला जायचं असेल, तर त्याआधी आठवडा-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, दूध, अंड्याचा बलक आणि मासे खरोखरच बंद करायला सांगतात. तिथे यादी पाळायची, अक्षर न अक्षर पाळायची.

बाकीच्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना काय खाऊ नये याची यादी आणू नका. आठवडाभर एका कागदावर एवढंच लिहा : गोळी किती वाजता घेतली, त्यानंतर पहिली वस्तू काय पोटात गेली, आणि मध्ये किती वेळ गेला. रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या आणि पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. तो कागद आणि ती पाकिटं घेऊन या.